चुंबकांचं चाक, कॉइलचा झटका आणि शिशाची बॅटरी

एक हलकं चाक घ्यायचं. त्याच्या कडेला सारख्या अंतरावर कायमचुंबक चिकटवायचे, सगळ्यांचा उत्तर ध्रुव बाहेर तोंड करून. चाकाला अगदी खेटून तांब्याच्या तारेची कॉइल, तिच्या पोटात मऊ लोखंडाच्या काड्या. एक ट्रान्झिस्टर (छोट्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह चालू-बंद करणारं बटण), दोन डायोड (प्रवाहाला एकाच दिशेने जाऊ देणारे), एक रोध, निऑनचा एक छोटा दिवा. चाक चालवायला एक बॅटरी आणि चार्ज व्हायला दुसरी. चाकाला बोटाने जरासा धक्का दिला की ते फिरू लागतं, आपली गती आपणच पकडतं, आणि दुसऱ्या बॅटरीवर लावलेल्या मीटरचा आकडा हळूहळू चढायला लागतो. १२.१, १२.३, १२.६.

मी हे पहिल्यांदा बनवलं त्या रात्री झोपलोच नाही. अडगळीत पडलेली, बसलेली बॅटरी होती. सकाळी तिच्यावर १२.९ व्होल्ट दिसले. मग तिला २१ वॉटचा दिवा जोडला. काही मिनिटांत आकडा ११च्या खाली आणि दिवा लालसर. आकडा चढला होता हे खरं होतं, बॅटरी भरली नव्हती हेही तितकंच खरं होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे उलगडायला मला बरेच महिने लागले. ज्याला हे यंत्र करून पाहायचंय त्याचे ते महिने वाचावेत म्हणून हे लिहितोय.

या जातीच्या मोटरला बहुतेक जण बेदिनी मोटर म्हणतात. जॉन बेदिनी हे अमेरिकेतले ऑडिओ ॲम्प्लिफायर बनवणारे गृहस्थ. एकाच ध्रुवाचे चुंबक बाहेर ठेवलेल्या मोटरमधून उलट येणारा विद्युतदाब वापरून बॅटऱ्या चार्ज करण्याच्या युक्तीवर त्यांना २००३ साली अमेरिकेत पेटंट मिळालं. घातली त्यापेक्षा जास्त ऊर्जा या यंत्रातून मिळते, असं त्यांचं आणि त्यांच्या अनेक चाहत्यांचं म्हणणं होतं. पेटंट हा त्या दाव्याचा पुरावा होत नाही. आणि बारकाईने मोजल्यावर तो दावा टिकत नाही. तरीही मला हे यंत्र मनापासून आवडतं, कारण कॉइल आणि बॅटरी या दोन वस्तू कशा वागतात हे इतक्या थोड्या सामानात इतकं उघडं करून दाखवणारं दुसरं काही मला सापडलेलं नाही.

कॉइल झटका का देते

कॉइलवर दोन तारा एकत्र गुंडाळलेल्या असतात. एक जाड, कामाची. दुसरी बारीक, फक्त इशारा देणारी. चाकावरचा चुंबक कॉइलजवळून जातो तेव्हा बारीक तारेत थोडासा विद्युतदाब तयार होतो. फॅरडेने १८३१ साली दाखवलेलं प्रेरण ते हेच. तो दाब ट्रान्झिस्टरच्या बेसला, म्हणजे त्याच्या इशारा घेणाऱ्या पायाला, मिळाला की ट्रान्झिस्टर चालू होतो, जाड तारेतून बॅटरीचा प्रवाह धावतो, लोखंडाच्या काड्या चुंबक बनतात आणि चाकावरच्या चुंबकाला पुढे ढकलतात. चुंबक लांब गेला की इशारा संपतो आणि ट्रान्झिस्टर बंद होतो. पुढचा चुंबक आला की पुन्हा तेच. चाक स्वतःच स्वतःचं बटण दाबत राहतं.

खरी गंमत बटण सुटतं त्या क्षणाची आहे. कॉइलमधला प्रवाह एकदम थांबायला तयार नसतो. त्याच्याभोवती उभं राहिलेलं चुंबकीय क्षेत्र कोसळताना प्रवाह त्याच दिशेने रेटत राहतं, आणि वाट बंद असेल तर लागेल तेवढा विद्युतदाब चढवून वाट काढतं. जुन्या ट्यूबलाइटमध्ये स्टार्टर उघडताच चोक जो फटका देऊन नळी पेटवतो, तो हाच. पेट्रोल गाडीच्या स्पार्क प्लगची ठिणगीही इथूनच येते.

आपल्या मोटरमध्ये या फटक्याला डायोडमधून वाट काढून दिलेली असते, ती थेट दुसऱ्या बॅटरीत. बॅटरी जोडलेली असेल तर फटका शेकडो व्होल्टांपर्यंत चढतच नाही. बॅटरीचा आतला रोध फारच कमी असतो, त्यामुळे प्रवाह तिच्यात शिरतो आणि दाब बॅटरीच्या व्होल्टेजच्या जरासा वर अडकून राहतो. ऑसिलोस्कोप (विद्युतदाबाचा आलेख दाखवणारं यंत्र) लावून पाहिलं तर बॅटरीच्या टोकांवर उंच सुळके दिसत नाहीत, छोटे उंचवटे दिसतात. बॅटरीची तार निसटली तर मात्र दाब भडकतो आणि निऑनचा दिवा केशरी पेटतो. तो त्यासाठीच ठेवलेला असतो, ट्रान्झिस्टर वाचवायला. पण बहुतेक जण वापरतात त्या २एन३०५५ ट्रान्झिस्टरची कलेक्टर-एमिटर मर्यादा, म्हणजे बंद असताना तो सोसू शकतो तो दाब, ६० व्होल्टची, आणि निऑन पेटतो तोच सहसा त्याच्या वर. त्यामुळे हे संरक्षण अपुरं आहे. २५० व्होल्ट सोसणारा ट्रान्झिस्टर घेतला तर मनस्ताप वाचतो.

उंच दाब म्हणजे जास्त ऊर्जा, असं इथे पटकन वाटून जातं. त्यासाठी रॅम पंप डोळ्यांसमोर आणावा. माँगोल्फिए बंधूंपैकी जोसेफ-मिशेल यांनी १७९६ साली तो केला. वाहतं पाणी झडपेने एकदम अडवलं की नळीत दणका बसतो आणि त्या दणक्याने थोडंसं पाणी मूळ प्रवाहापेक्षा कितीतरी उंच चढतं. इंजिन नाही, वीज नाही. पण उंच चढतं ते थोडंच पाणी. बाकीचं सगळं खाली वाहून जातं. कॉइल विजेच्या बाबतीत तंतोतंत हेच करते.

हिशेब करून पाहू

कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा काढायची तर कॉइलच्या प्रेरणाला (इंडक्टन्स, हेन्रीत मोजतात) प्रवाहाच्या वर्गाने गुणायचं आणि निम्मं करायचं. समजा कॉइलचं प्रेरण १० मिलिहेन्री, तारेचा रोध ६ ओहम आणि बॅटरी १२ व्होल्टची. ट्रान्झिस्टर कितीही वेळ चालू ठेवला तरी प्रवाह २ ॲम्पिअरच्या पुढे जाणार नाही, आणि तिथे पोचायलाही त्याला काही मिलिसेकंद लागतात.

ट्रान्झिस्टर फक्त १ मिलिसेकंद चालू ठेवला, तर प्रवाह साधारण ०.९ ॲम्पिअरपर्यंत चढतो. कॉइलमध्ये ४ मिलिजूल साठतात आणि बॅटरीतून जवळपास ६ मिलिजूल गेलेले असतात. दोन तृतीयांश ऊर्जा हाती लागली. आता तोच १० मिलिसेकंद चालू ठेवा. प्रवाह २ ॲम्पिअरला पोचून तिथेच बसतो. साठलेली ऊर्जा २० मिलिजूल, पण बॅटरीतून गेलेली २०० मिलिजूल. हाती फक्त दहावा हिस्सा! उरलेली जवळजवळ सगळी तार तापवण्यात गेली, थोडी चाक ढकलण्यात.

(फिरणारा चुंबक कॉइलमध्ये जो उलटा दाब तयार करतो तो मी इथे सोडून दिलाय. तो धरला तर आकडे थोडे सरकतील, चित्र बदलणार नाही.)

हातानं बनवलेल्या बहुतेक मोटरी दुसऱ्या प्रकारात मोडतात. चुंबक कॉइलसमोरून सावकाश जातो, ट्रान्झिस्टर गरजेपेक्षा खूप जास्त वेळ चालू राहतो. सेकंदाला ५० झटके धरले तर १० वॉट घेऊन फार तर १ वॉट दुसऱ्या बॅटरीकडे जातो. छोट्या झटक्यांच्या पद्धतीत वाया कमी जातं, पण सेकंदाला ५० झटके म्हणजे ०.२ वॉट, म्हणजेच १३ व्होल्टवर जेमतेम १५ मिलिॲम्पिअर. ४० ॲम्पिअर-तासांची (१ ॲम्पिअर प्रवाह ४० तास देऊ शकणारी) रिकामी बॅटरी त्या गतीने भरायला शंभराहून जास्त दिवस लागतील. यातून सुटायचं असेल तर झटके छोटे ठेवून त्यांची संख्या हजारोंनी वाढवावी लागते, आणि ते चाकाच्या आवाक्यातलं काम नाही. टायमर आयसीवर चालणारं साधं सर्किट ते सहज करतं. बाजारातले बूस्ट कन्व्हर्टर, म्हणजे कमी दाबाचा जास्त दाब करणारी सर्किटं, याच तत्त्वावर चालतात. म्हणजे चार्जर म्हणून बघितलं तर चाक हा या यंत्राचा सर्वांत खर्चिक भाग ठरतो. बेअरिंगचं घर्षण आणि हवेचा अडथळा यांची किंमत त्याच बॅटरीतून जाते.

बॅटरीच्या पोटात

शिशाची बॅटरी गास्तों प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली बनवली, आणि मूळ रसायन आजही तेच आहे. भरलेल्या बॅटरीत ऋण प्लेटवर सच्छिद्र शिसं, धन प्लेटवर शिशाचा डायऑक्साइड आणि दोघांच्या मध्ये पाणी मिसळलेलं सल्फ्युरिक ॲसिड. बॅटरी वापरली की दोन्ही प्लेटांवर शिशाचं सल्फेट जमतं आणि ॲसिड पातळ होतं. चार्ज केली की सल्फेट विरघळून परत शिसं, डायऑक्साइड आणि ॲसिड होतं. म्हणून द्रवाची घनता मोजणारा हायड्रोमीटर इतका विश्वासाचा: भरलेल्या बॅटरीत ॲसिडचं विशिष्ट गुरुत्व साधारण १.२६५ ते १.२८, उतरलेलीत १.१२च्या आसपास. ॲसिड किती घट्ट आहे ते तो थेट सांगतो, व्होल्टमीटरसारखा अंदाज करत नाही.

व्होल्टमीटर का फसवतो? प्रवाह आत जातो तेव्हा रासायनिक क्रिया आधी प्लेटच्या पृष्ठभागावर घडते. तिथलं ॲसिड घट्ट होतं आणि टोकांवरचं व्होल्टेज त्या पातळ थराचं दिसतं. आतल्या छिद्रांमधला माल अजून तसाच उतरलेला असतो. याला पृष्ठभार म्हणायचं. माझ्या बॅटरीवर सकाळी दिसलेले १२.९ व्होल्ट हेच होते. चार्जर काढून बॅटरीला काही तास, शक्यतो रात्रभर, नुसतं ठेवलं तरच आकड्याला काही अर्थ येतो, तेव्हा १२.६ च्या वर म्हणजे भरलेली, १२च्या खाली म्हणजे बरीच उतरलेली.

उलट बाजूनेही हेच घडतं. चालवणारी बॅटरी थोडा वेळ मोकळी ठेवली की तिचं व्होल्टेज आपोआप वर येतं, कारण लांबचं ॲसिड हळूहळू प्लेटकडे सरकतं. पाहणाऱ्याला वाटतं, ती स्वतःच चार्ज झाली.

आता सल्फेशन. बॅटरी उतरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे पडून राहिली की सल्फेटचे बारीक स्फटिक विरघळून मोठ्या स्फटिकांवर जमत जातात. मोठे स्फटिक लवकर विरघळत नाहीत आणि सल्फेट विजेचं वाहकही नाही. अशा बॅटरीला साधा चार्जर लावला की व्होल्टेज झपाट्याने १४.४ किंवा त्याच्याही वर चढतं, चार्जरला वाटतं काम झालं, तो प्रवाह कमी करतो आणि 'फुल' दाखवतो. बॅटरीत मात्र काहीच गेलेलं नसतं.

अशा बॅटरीवर घरगुती मोटर खरोखर कधी कधी काम करते, आणि ते का, हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. कॉइल व्होल्टेज बघून माघार घेत नाही. तिच्यात साठलेला प्रवाह काहीही करून पुढे जाणारच. बॅटरीचा रोध जास्त असेल तर कॉइल तेवढा दाब चढवते. त्यामुळे दिवसेंदिवस, न थांबता, थोडा थोडा प्रवाह त्या कडक स्फटिकांपर्यंत पोचत राहतो. संथ, चिवट चार्जिंगने काही बॅटऱ्या बऱ्यापैकी सावरतात. पण हे श्रेय झटक्यांमधल्या कुठल्याही गूढ शक्तीचं नाही. तेवढाच सरासरी प्रवाह साध्या स्थिर-प्रवाह चार्जरने तितकेच दिवस दिला तर सुधारणेचा मोठा भाग तिथेही दिसतो.

झटक्यांनी सल्फेट फुटतं ही कल्पना लोकांना फार भावते. त्यात एक अडचण आहे. प्लेट आणि ॲसिड यांच्या सीमेवर नैसर्गिकरीत्याच एक मोठा कॅपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवून ठेवणारी जागा, तयार झालेला असतो. मिलिसेकंदापेक्षा छोटा झटका आधी या कॅपॅसिटरमध्ये मुरतो आणि मग संथपणे रसायनाला मिळतो. म्हणजे स्फटिकांच्या दृष्टीने तो झटका बराचसा सपाट झालेला असतो. लांब झटके आणि मध्ये विश्रांती यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. विश्रांतीत ॲसिडला प्लेटच्या आत-बाहेर सरकायला वेळ मिळतो, आणि काही परिस्थितीत त्याचा उपयोग होतो. किंमत मात्र मोजावी लागते. तोच सरासरी प्रवाह दहापट उंच आणि दहावा हिस्सा वेळ अशा झटक्यांनी दिला, तर तारा आणि जोडण्यांमधली उष्णता दहापट होते.

आणि काही बॅटऱ्या कशानेच उठत नाहीत. प्लेटांवरचा माल झडून तळाशी बसलेला असेल, जाळी गंजलेली असेल किंवा एखादा सेल शॉर्ट झाला असेल, तर तिला पुनर्वापरासाठी द्यावं. सहापैकी एक सेल मेलेली बॅटरी भरूनही १०.५ च्या आसपास अडकते. हे आधी तपासलं असतं तर माझे दोन महिने वाचले असते.

अदलाबदलीचा खेळ

दोन बॅटऱ्या घेऊन आलटून पालटून मोटर चालवायची, एक उतरली की दुसरी पुढे, आणि आठवडे गेले तरी दोन्ही जिवंत. असं सांगणारे खोटं बोलत नसतात. त्यांची मोटर ०.२ ॲम्पिअर खात असते आणि बॅटरी ४० ॲम्पिअर-तासांची असते. भागाकार करा: एकच बॅटरी, कुठलंही चार्जिंग न करता, २०० तास चालते. आठ दिवसांपेक्षा जास्त. त्यात अगदी सावकाश वापरलेली शिशाची बॅटरी घाईने वापरलेलीपेक्षा जास्त ॲम्पिअर-तास देते. हे पॉइकर्ट यांनी १८९७ साली सूत्रात मांडलं होतं. दोन बॅटऱ्या म्हटल्यावर अडीच आठवडे सहज जातात.

ऊर्जेचा हिशेब मात्र निष्ठुर आहे. बॅटरी चार्ज होते सरासरी १४ व्होल्टवर आणि परत देते सरासरी १२.२ वर. शिवाय घातलेल्या प्रवाहातला काही भाग पाण्याचं विघटन करण्यात जातो. ९० टक्के परत मिळाला असं धरू. दोन्ही मिळून हाती ७८ टक्के. सर्किट चांगलं बनवलंय आणि निम्मी ऊर्जा पुढे देतंय असं मानलं, तर एका फेरीत १०० चे ३९ उरतात. दुसऱ्या फेरीत १५. तिसऱ्या फेरीत ६.

जपून काय करायचं

शेवटच्या टप्प्यात, सुमारे १४.४ व्होल्टच्या वर, बॅटरीतून हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटतात. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला तरी ठिणगीने भडका उडू शकतो. वर म्हटल्याप्रमाणे कॉइल व्होल्टेज बघून थांबत नाही, म्हणून हे यंत्र बंद खोलीत रात्रभर सोडून झोपणं (मी तेच केलं होतं) चुकीचं आहे. तारा काढण्याआधी चाक थांबवा, म्हणजे बॅटरीच्या तोंडाशी ठिणगी पडणार नाही. डोळ्यांवर चष्मा हवाच. बॅटरीच्या तारेत फ्यूज हवा. सीलबंद बॅटरीत पाणी परत भरता येत नाही, त्यामुळे तिच्यावर हा प्रयोग नको. आणि चुंबक नुसत्या गोंदावर सोडू नका, त्यांच्यावरून घट्ट पट्टी गुंडाळा. सुटलेला चुंबक थेट तोंडावर येतो.

मोजायचं कसं

आत किती जातं ते मोजताना साधा मीटर झटक्यांच्या प्रवाहात गोंधळतो. मोटरच्या पुरवठ्यावर मोठा कॅपॅसिटर टाकून प्रवाह आधी सपाट करावा आणि मग मोजावा. बाहेर किती येतं हे पाहायला पहिल्या फेरीत बॅटरी वापरूच नये. तिच्या जागी १०,००० मायक्रोफॅरॅडचा, ५० व्होल्ट सोसणारा कॅपॅसिटर लावा आणि तो शून्यापासून २० व्होल्टपर्यंत चढायला किती सेकंद लागतात ते बघा. त्यात साठलेली ऊर्जा बरोबर २ जूल. कॅपॅसिटरला पृष्ठभार नाही, विश्रांतीनंतरची उसळी नाही, त्यामुळे उत्तर स्वच्छ येतं. तेवढ्या सेकंदांत मोटरने किती जूल घेतले त्याने भागलं की तुमच्या यंत्राची कार्यक्षमता हातात आली. २० व्होल्ट झाले की लगेच चाक थांबवा, नाहीतर तो चढतच जाईल.

बॅटरीसाठी मात्र वेळ द्यावा लागतो. आधी ती साध्या चार्जरने पूर्ण भरायची, रात्रभर ठेवायची आणि ठरावीक दिव्यावर १०.५ व्होल्टपर्यंत उतरवून किती ॲम्पिअर-तास मिळाले ते लिहून ठेवायचं. मग लगेच मोटरवर चार्ज करायची, पुन्हा रात्रभर विश्रांती, पुन्हा तोच दिवा, तेच १०.५. तापमान दोन्ही वेळी सारखं हवं. मिळालेल्या दोन आकड्यांमधला फरक वहीत टिपायचा, आणि एकदाच टिपून थांबायचं नाही. निदान तीन फेऱ्या करायच्या, कारण बराच काळ पडून राहिलेली बॅटरी पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत कुठल्याही चार्जरवर थोडी सुधारतेच. माझ्या वहीत पहिल्या फेरीनंतर बॅटरी सुधारल्याचं दिसलं होतं. मग तिच्याच जोडीची दुसरी जुनी बॅटरी साध्या चार्जरवर तितक्याच वेळा फिरवली. तीही जवळजवळ तेवढीच सुधारली.